लायसन काढून घ्या, पण कायद्यातल्या पायऱ्यांनी घ्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील सर्व परवाना प्राधिकारी

महोदय,

लासलगावचा कांदा भरून न्हावा-शेव्याकडे निघालेली दहा चाकी गाडी रस्त्यात अडवली जाते. वेग जास्त होता, सिग्नल तुटला किंवा फोन कानाला होता. चालकाचे लायसन जप्त होते आणि त्याच्या हातात एक पावती येते. पावतीवर कलम असते, गाडीचा नंबर असतो, तारीख-वेळ असते. चालक ती घडी करून वरच्या खिशात ठेवतो, केबिनमध्ये चढतो आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतो. त्या क्षणापासून त्याला ती गाडी चालवण्याचा अधिकार उरलेला नसतो. हे त्याला ठाऊक नसते, मालकाला ठाऊक नसते, आणि बहुतेक वेळा पावती देणाऱ्यानेही तोंडाने सांगितलेले नसते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०६ मध्ये लायसन ताब्यात घेण्याचे दोन प्रकार आहेत. जुना प्रकार असा : चालक फरार होईल किंवा समन्स काढले तरी येणार नाही असे वाटले, तर लायसन ठेवून घ्यायचे आणि पोच द्यायची. ती पोच तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत लायसनसारखी चालते. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कलमात पोटकलम (४) आले. यातही पोच मिळते, पण लायसन परत हातात येईपर्यंत या पोचेवर गाडी चालवता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. चालकाच्या हातात दोन्ही वेळा 'पावती'च पडते. एकीवर गाडी पुढे नेता येते, दुसरीवर नेली तर नवा गुन्हा होतो. आणि त्या प्रवासात अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला निघते आणि मालक चालकाच्या मागे लागतो.

आम्ही मालाच्या गाड्या चालवणारे लोक आहोत. लायसन हेच आमचे दुकान आणि हेच आमचे शेत. तीन महिने ते बंद पडले की घरात येणारा पगार आणि भत्ता दोन्ही थांबतात, आणि मालक तीन महिने गाडी उभी ठेवत नाही, तो दुसरा चालक बसवतो. म्हणून हे पत्र आम्ही जाहीरपणे लिहीत आहोत.

सुरुवातीलाच एक सांगतो. नियम ढिले करा, अशी आमची मागणी नाही. दारू पिऊन चाळीस टनांची गाडी हाकणाऱ्याचे लायसन गेलेच पाहिजे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आम्हाला मान्य आहे, आणि त्यात कोणालाही सवलत मिळू नये. डिव्हायडरच्या फटीतून राँग साइडने गाडी घालणाऱ्याबद्दलही आमचे हेच म्हणणे आहे. रस्त्यावर सगळ्यात जास्त तास आम्ही असतो, त्यामुळे असल्या चालकाचा पहिला धोका आम्हालाच असतो. आमचा वाद फक्त एवढाच आहे की लायसन कोणी घ्यायचे, कोणाच्या चुकीसाठी घ्यायचे आणि किती दिवसांत निकाल द्यायचा, हे पाळले जात नाही.

जप्ती म्हणजे निलंबन नव्हे

कलम २०६ (४) खाली लायसन घेता येते ते ठरावीक कलमांसाठी : १८३ म्हणजे वेग, १८४ म्हणजे धोकादायक चालवणे, १८५ दारू, १८९ शर्यत, १९० असुरक्षित वाहन, १९४ सी आणि १९४ डी हे दुचाकीचे, आणि १९४ ई म्हणजे रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमनच्या गाडीला वाट न देणे. यातल्या १८४ चा पसारा मोठा आहे. सिग्नल तोडणे, हातात फोन धरणे, नियम मोडून ओव्हरटेक करणे, उलट्या दिशेने जाणे हे सगळे त्यातच येते.

लायसन घेणाऱ्या अधिकाऱ्याचे काम ते परवाना प्राधिकाऱ्याकडे (आरटीओकडे) पाठवण्यापुरते आहे. निलंबित करायचे की रद्द करायचे, हे कलम १९ खाली परवाना प्राधिकारीच ठरवू शकतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. प्राधिकाऱ्यालाही ते आपोआप करता येत नाही. कलम १९ (१ए) नुसार आधी चालकाचे म्हणणे ऐकायचे, त्यानंतर एकतर त्याला दोषमुक्त करून लायसन परत द्यायचे, किंवा सविस्तर कारणे लेखी नोंदवून अपात्र ठरवायचे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने, दुसऱ्या किंवा पुढच्या गुन्ह्याला लायसन रद्द.

'दोषमुक्त करता येईल' हे शब्द कायद्यात आहेत, याची आठवण आम्हाला करून द्यावी लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना कळवले होते की अतिवेग, सिग्नल तोडणे, मालगाडीत जादा माल किंवा माणसे भरणे, दारू आणि फोन या गुन्ह्यांत लायसन किमान तीन महिने निलंबित करा. त्यामागचा हेतू चांगला होता. पण तेव्हापासून तीन महिने हा छापील आकडा झाला आहे. नोटिशीला दिलेले उत्तर वाचले की नाही, हे आदेशावरून कळत नाही. 'चालकाने केलेला खुलासा समाधानकारक नाही' हे एक वाक्य म्हणजे सविस्तर कारणे नव्हेत.

सगळ्यात मोठे भोक आहे ते वेळेचे. लायसन ताब्यात घेतल्यापासून किती दिवसांत सुनावणी घ्यायची, याची मुदत या कलमांत नाही. लायसन बीडचे, जप्ती पालघर जिल्ह्यात, आणि चालक पुढच्या आठवड्यात कर्नाटकात. कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातो, नोटीस लायसनवरच्या जुन्या पत्त्यावर पडते. दीड महिन्याने सुनावणी झाली आणि त्या दिवसापासून तीन महिने धरले, तर प्रत्यक्षात शिक्षा साडेचार महिन्यांची होते. फौजदारी खटल्यातल्या आरोपीलाही कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करून मिळतात. आमचे जप्तीचे दिवस मात्र कुणाच्या हिशेबात नाहीत.

तीन महिने संपले तरी लायसन आपोआप परत येत नाही. कलम १९ च्या पोटकलम (२) प्रमाणे रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय ते मिळत नाही. ते प्रशिक्षण कुठे, कधी, किती दिवसांचे, हे आदेशातच लिहिले तर चालक ते निलंबनाच्या काळातच उरकून घेईल. आज त्याला ते काउंटरवर गेल्यावर कळते.

अपिलाचीही तीच गत. कलम १९ (३) प्रमाणे आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते आणि अपील प्राधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. पण त्यासाठी आदेशाची प्रत हातात पडायला हवी. पोर्टलवर लायसनच्या नावापुढे 'निलंबित' दिसणे म्हणजे आदेश मिळणे नाही. मालगाडीच्या चालकासाठी आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली, आणि ते योग्यच केले. मग त्याच चालकाला इंग्रजी नोटीस का जाते?

दंड भरला म्हणजे सुटलो, हा गैरसमज

हा मुद्दा चालकबंधूंनी नीट वाचावा, कारण यात सगळ्यात जास्त लोक अडकतात. रस्त्यावर किंवा फोनवरून तडजोड शुल्क भरले की प्रकरण मिटले, असे सगळे धरून चालतात. कलम २०० ला २०१९ मध्ये दोन परंतुके, म्हणजे अटी, जोडली आहेत. एक : तडजोड केली तरी २०६ (४) खालच्या कारवाईतून सुटका होत नाही. दोन : तडजोडीने मिटवलेला गुन्हा, पुढे तोच गुन्हा पुन्हा झाला तर, 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो. म्हणजे चलान चुकीचे असतानाही कटकट नको म्हणून पैसे भरणारा चालक स्वतःच्या हाताने पहिला गुन्हा नोंदवून ठेवतो. जड मालवाहू गाडीला वेगासाठी दंड २,००० ते ४,००० रुपये आहे. हे पैसे फेकून वेळ वाचवला असे वाटते, पण पुढच्या खेपेला कलम १८३ स्वतःच सांगते की लायसन जप्त करा.

आणि लायसन रद्द होणे म्हणजे काय, ते पाहा. कलम ७ प्रमाणे हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्ट गाडीचे शिकाऊ लायसन निघत नाही. वीस वर्षे ट्रेलर चालवलेल्या माणसाचे संपूर्ण लायसन रद्द केले, तर त्याला पुन्हा लर्निंगपासून सुरुवात करून कारवर वर्ष काढावे लागेल. इतकी जबर शिक्षा ज्या 'दुसऱ्या गुन्ह्या'वर उभी आहे, तो दुसरा गुन्हा कोणता? कलम १९ (१ए) मध्ये फक्त 'दुसरा किंवा त्यानंतरचा गुन्हा' एवढेच आहे. कलम २०० मात्र 'तोच गुन्हा' असे म्हणते. आमच्या मते दोन्ही कलमे एकत्रच वाचली पाहिजेत : दुसरा गुन्हा म्हणजे त्याच कलमाखालचा दुसरा गुन्हा. सिग्नलचा पहिला आणि वेगाचा दुसरा अशी बेरीज करून कोणाचे लायसन रद्द होऊ नये. आपण एक परिपत्रक काढून हे स्पष्ट करावे.

गावातल्या मोटारसायकलची शिक्षा ट्रकला

वरच्या यादीतले १९४ डी हे हेल्मेटचे कलम आहे. दंड १,००० रुपये आणि तीन महिने लायसनसाठी अपात्र. १९४ सी मध्ये दुचाकीवर तिघे बसल्यासही तेच. ट्रकचालकाकडे कार्ड एकच असते. मोटारसायकल, कार आणि ट्रान्सपोर्ट हे सगळे वर्ग त्याच कार्डावर असतात. सुटीत घरी आलेला चालक हेल्मेट न घालता किराणा आणायला गेला, तर नियमाने दंड करा, दुचाकी चालवायला तीन महिने बंदी घाला, आमची तक्रार नाही. पण त्यासाठी त्याची ट्रकवरची रोजी बंद होते. १९ (१ए) मध्ये 'लायसनमधील सर्व किंवा कोणत्याही वर्गाच्या वाहनासाठी' अपात्र ठरवण्याचा अधिकार दिला आहे. 'कोणत्याही वर्गाच्या' हे शब्द वापरले, तर दुचाकीची बंदी दुचाकीपुरती ठेवता येते. जे प्राधिकारी आदेशात वर्ग लिहीत नाहीत, त्यांनी तो लिहावा.

दोष मालकाचा, लायसन चालकाचे

कलम १९० (२) पाहा. रस्ता सुरक्षा, आवाज किंवा धुराचे प्रमाण मोडणारी गाडी जो चालवेल 'किंवा चालवायला लावेल' त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि तीन महिने लायसनची अपात्रता. धूर काळा येतो तो नोझल आणि पंपाचे काम न केल्यामुळे, एअर फिल्टर महिनोन् महिने न बदलल्यामुळे. ते काम चालकाच्या खिशातून होत नाही. 'चालवायला लावणारा' कायद्यात आहे, पण मालकाकडे जप्त करण्यासारखे लायसन नसते, म्हणून सगळी कारवाई स्टिअरिंगवर बसलेल्याशी येऊन थांबते.

ब्रेकचे तर जास्तच गंभीर आहे. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा उतार सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने पन्नासच्या आसपास गाड्या ठोकल्या, तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये होती का, यावर खूप चर्चा झाली. न्यूट्रल ही चूकच आहे, आम्ही तिची बाजू घेत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडथळा निघून जातो आणि गाडीचे सगळे वजन ब्रेकवर येते. इंजिनच बंद केले तर हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर फिरत नाही, टाकीत नवी हवा भरत नाही आणि प्रत्येक ब्रेकला दाब उतरत जातो. पण गाडी गिअरमध्ये असूनही ब्रेक जातात, त्याची कारणे वेगळी असतात. ब्रेकचे लायनर (ड्रमला घासून चाक धरणारे पट्टे) रिव्हेटपर्यंत घासलेले असतात. ड्रमला चर पडलेल्या असतात. स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढिलाई ओढून घेणारा भाग) जाम असतो, त्यामुळे सहा चाकांपैकी चारच चाके धरतात आणि ती चार चाके जास्त तापतात. तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि पायाखालचा ब्रेक असून नसल्यासारखा होतो. हे सगळे पासिंगच्या (फिटनेस तपासणीच्या) दिवशी ठीक असते आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत झिजते. चालकाने मालकाला चार वेळा सांगितले, तरी त्याचा कागद कुठे राहत नाही. कलम १९० (१) मध्ये 'साधी काळजी घेतली असती तर कळला असता' असा दोष चालकाच्या माथी येतो. साध्या काळजीत टायरची हवा, लाइट, हवेच्या दाबाचा काटा आणि बझर येतात. ड्रम खोलून लायनर मोजणे त्यात येत नाही.

ओव्हरलोड हा त्याहून जुना रोग. केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्ये लोकांना धोका ठरणाऱ्या कृत्यांची यादी आहे आणि 'मालगाडीत जादा भार' तिच्यात आहे, म्हणून कलम १९ खाली लायसनवर कारवाई होऊ शकते. दंडाचे कलम १९४ वेगळे : २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. वजन करायला नकार दिला किंवा वजनाआधी माल उतरवला तर ४०,०००. केंद्राने जुलै २०१८ मध्ये एक्सलचा भार वाढवला. दोन एक्सलच्या गाडीचे एकूण वजन १८.५ टन आणि तीन एक्सलचे २८.५ टन झाले. त्यामुळे वजन परवडत नाही, ही सबब आता चालू नये. पण गाडी भरतो कोण? खाणीवर लोडर भरतो, कारखान्यात क्रेन भरते, आणि किती भरायचे ते हुंडेकरी (मालासाठी गाडी ठरवून देणारा) आणि माल पाठवणारा ठरवतात. गाडी दोन टन जादा असेल तर वजनकाट्याची चिठ्ठी तिथेच, गेटच्या आत निघते. त्या चिठ्ठीवर माल पाठवणाऱ्याचे नाव असते, बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) हुंडेकऱ्याचे असते. कलम १९४ मध्येही 'चालवायला लावतो किंवा मुभा देतो' हे शब्द आहेत. चिठ्ठी आणि बिल्टी कारवाईच्या कागदात लावा, म्हणजे ती दोन नावेही प्रकरणात येतील. आज जादा वजनाची गाडी न्यायला नकार देणाऱ्या चालकाला उद्या गाडी मिळत नाही, आणि गाडी नेली तर लायसन जाते.

कॅमेऱ्याला चालक दिसत नाही

ई-चलान गाडीच्या नंबरावर निघते आणि एसएमएस मालकाच्या फोनवर जातो. एका गाडीवर महिन्यात तीन चालक बदलतात. चलान साचत जातात, आणि कधीतरी पासिंग, एनओसी किंवा विक्रीच्या वेळी मालक ते उघडून बघतो आणि जो चालक हाताशी आहे त्याचे नाव सांगतो. कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता हे सांगण्याची जबाबदारी मालकाची आहेच, पण त्याने सांगितलेले नाव खरे आहे की नाही, याचा पुरावा कोणी मागत नाही. लायसनवर कारवाई होणार असेल तर ट्रिप शीट, बिल्टीवरचे चालकाचे नाव, टोलची वेळ यांतला एक तरी कागद जोडलाच पाहिजे.

केंद्रीय नियम १६७ ए ऑगस्ट २०२१ पासून लागू आहे. कॅमेऱ्यावरून चलान केले तर गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची, फोटो आणि यंत्राने मोजलेला आकडा द्यायचा, यंत्राला मंजुरीचे प्रमाणपत्र असले पाहिजे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण झाले पाहिजे, कॅमेरा आहे असा फलक आधी लावलेला असला पाहिजे. सहा महिन्यांनी कळलेल्या चलानात चालक काय खुलासा करणार? त्या दिवशी कुठे होतो, हेही त्याला आठवत नाही. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध राज्यात गाड्या उभ्या केल्या, तेव्हा चर्चा दंडाच्या रकमेची झाली. लायसनचा विषय मागेच राहिला.

दोन बारीक गोष्टी. चौपदरी रस्त्यावर आणि द्रुतगती मार्गावर मालगाडीला केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० आहे, इतर रस्त्यांवर ६०, आणि घाटात स्थानिक मर्यादा त्याहून कमी. मर्यादा बदलते तिथे फलक झाडामागे किंवा उजव्या बाजूला असेल, तर डाव्या लेनमधल्या गाडीच्या केबिनमधून तो दिसत नाही. दुसरे, नियम २१ मध्ये ऑक्टोबर २०२० पासून स्पष्ट आहे की लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फक्त रस्ता बघण्यासाठी फोन वापरता येतो. डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये नकाशा चालू असलेला फोन आणि कानाला लावलेला फोन एकाच कलमात टाकू नका.

अपघातानंतर

अपघातात कोणी दगावले की लायसन गेलेच, असे सगळे समजतात. कायदा तसे म्हणत नाही. कलम २१ प्रमाणे आपोआप निलंबन होते ते एकाच स्थितीत : चालकाला आधी कलम १८४ खाली शिक्षा झालेली असेल, आणि आता पुन्हा धोकादायक चालवण्यातून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला असेल. तेव्हाही ते गुन्हा नोंदवल्यापासून सहा महिने आणि त्या वर्गाच्या वाहनापुरते. त्याआधी निर्दोष सुटला तर तिथेच संपते. बाकी सर्व प्रकरणांत कलम १९ ची पायरी, म्हणजे नोटीस आणि सुनावणी, चुकवता येत नाही.

अपघातग्रस्त गाडीची तपासणी मोटार वाहन निरीक्षक करतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांत आधीपासून दोष होता का, हे त्याच्या अहवालात येते. तो अहवाल फाइलमध्ये नसताना लायसनचा निर्णय होऊ नये.

कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे काम आहे, आणि नियम २१ मध्ये ते न करणे हे लायसन जाण्याचे कारण आहे. पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर, हा अपवादही १३४ मध्येच लिहिला आहे. जो चालक जमावातून निघून जवळच्या पोलीस ठाण्यात हजर होतो, तो पळून गेलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये चालक रस्त्यावर उतरले ते याच भीतीने, आणि अपघातानंतर न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला कडक शिक्षा सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (२) त्यानंतर लागू झालेले नाही. ठाण्यात हजर झाल्याची वेळ स्टेशन डायरीत असते. सुनावणीत ती नोंद मागवून घ्यावी.

तारखा

लायसन कोणी न घेताही जाते. कार्डावर वैधतेच्या दोन तारखा असतात, एक नॉन-ट्रान्सपोर्टची, एक ट्रान्सपोर्टची. पहिली लांबची असते आणि चालक तीच बघतो. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची आहे. टँकरवाल्यांसाठी धोकादायक मालाची तिसरी मुदत असते, तीन वर्षांची, आणि तिच्या नूतनीकरणाला एक दिवसाचा रिफ्रेशर लागतो. मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवस लायसन चालायचे, ती सवलत २०१९ मध्ये गेली. आता दुसऱ्या दिवसापासून लायसन नाही. मुदतीआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. मुदतीनंतर वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी. उशिरा केलेले नूतनीकरण त्या दिवसापासून धरले जाते, म्हणून मधला खंड कायमचा राहतो आणि त्या खंडात अपघात झाला असेल तर तो भरून निघत नाही. फॉर्म १ ए, म्हणजे वैद्यकीय दाखल्या, साठी डॉक्टर २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचायला लावतो, लाल-हिरवा ओळखायला सांगतो, रातांधळेपणा विचारतो. शुगर असलेल्या चालकाने मुदतीच्या तीन महिने आधी डोळे तपासून घ्यावेत, चष्म्याने काम होत असेल तर तेव्हाच होते. एवढे आम्ही आमच्या लोकांना सांगतो. आपण ट्रान्सपोर्टची मुदत संपण्याआधी ९० दिवस चालकाच्या स्वतःच्या मोबाइलवर मराठीत संदेश पाठवावा. मोबाइल नंबर आपल्याकडे आहेच.

आम्ही मागतो ते एवढे

२०६ (४) खालच्या पावतीवर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लिहा : 'या पावतीवर गाडी चालवता येणार नाही.' जप्तीच्या ठिकाणापासून जवळच्या सुरक्षित वाहनतळापर्यंत भरलेली गाडी कोण आणि कशी नेणार, हे त्याच वेळी ठरवा. नाशवंत माल असेल तर दुसरा चालक येईपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला नव्हे, वाहनतळात उभी राहू द्या.

जप्तीपासून १५ दिवसांत सुनावणी घ्या, आणि ती व्हिडिओ कॉलवरही होऊ द्या. १५ दिवसांत झाली नाही तर लायसन परत द्या आणि सुनावणी नंतर चालू ठेवा. अपात्रतेचा काळ जप्तीच्या तारखेपासून मोजा.

प्रत्येक आदेशात चार गोष्टी असाव्यात : कोणते कलम, चालकाने काय म्हटले आणि ते का मान्य नाही, कोणत्या वर्गाच्या वाहनासाठी अपात्र, आणि अपील कुठे व कोणत्या तारखेपर्यंत. रिफ्रेशरचे ठिकाण आणि तारीखही त्यातच द्या.

धूर, ब्रेक आणि जादा भाराच्या प्रकरणात मालकाला, आणि भाराच्या प्रकरणात माल पाठवणाऱ्याला व हुंडेकऱ्यालाही, त्याच दिवशी नोटीस काढा. ती निघाली नसेल तर एकट्या चालकाचे लायसन निलंबित करू नका. चालकाने गाडीतला दोष मालकाला लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवला असेल, तर तो संदेश पुरावा म्हणून घ्या. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा, १९६१ ने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. वेगाच्या प्रकरणात त्या खेपेला किती तासांची वेळ ठरवून दिली होती, हे मालकाला विचारा.

'दुसरा गुन्हा' म्हणजे त्याच कलमाखालचा गुन्हा, असे परिपत्रक काढा, आणि रद्द करण्याच्या प्रत्येक आदेशाआधी चालकाला प्रत्यक्ष भेटीची एक संधी द्या.

यातल्या बहुतेक गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही, आपल्या सहीचे परिपत्रक पुरते. पावतीवरची ओळ तर छापखान्याला सांगून या महिन्यातच होऊ शकते. तिथूनच सुरुवात करा, ही विनंती.

आपले,
महाराष्ट्रातील मालवाहू गाड्यांचे चालक

प्रत : अपर पोलीस महासंचालक (वाहतूक), महाराष्ट्र राज्य